सभासद कुठे हरवला?

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरच्या शिवारात टिळकनगर उभं राहिलं. काँग्रेसचं हे पन्नासावं अधिवेशन, आणि खेड्यात भरलेलं पहिलं. शांतिनिकेतनातून आलेल्या नंदलाल बोसांनी आणि स्थपती म्हात्रे यांनी बांबू, चटया, गवत असं आसपास मिळेल ते सामान घेऊन दरवाजे आणि मंडप सजवले. २५ डिसेंबरला खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी या दोघांच्या कामाचं मुद्दाम कौतुक केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या रथातून आले. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते, पण राबणूक सगळी खानदेशची होती. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने, गावोगाव हिंडून माणसं गोळा करणारे साने गुरुजी, आणि ज्यांची नावं कुठल्याही अहवालात आली नाहीत असे असंख्य स्वयंसेवक त्यात होते.

त्याच दिवसांत अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशनही फैजपूरलाच झालं. त्यासाठी पाचशेच्या वर शेतकरी मनमाडहून पायी निघाले आणि वाटेतल्या गावांत सभा घेत दोनशे मैल चालत आले. काँग्रेसने इथे मंजूर केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतसारा आणि खंड कमी करणं, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, सहकारी शेतीचे प्रयोग, शेतकरी संघटनांना मान्यता अशी कलमं होती. शेतकऱ्याने स्वतःच्या संस्था उभाराव्यात आणि त्या स्वतः चालवाव्यात, हा या सगळ्यामागचा विश्वास होता.

याच फैजपूरच्या न्हावी मार्गावर जीवरामनगरला मधुकर सहकारी साखर कारखाना आहे. जे. टी. महाजन यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा कारखाना यावल-रावेरच्या ऊस उत्पादकांचा अभिमान होता. पुढे कर्ज थकलं, गाळप बंद पडलं, कामगारांची देणी आणि शेतकऱ्यांची उसाची बिलं राहिली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने थकीत कर्जापोटी ताबा घेतला आणि २०२२ मध्ये कारखाना खाजगी कंपनीला विकला. शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यावर शेतकऱ्यांच्याच सहकारी बँकेने जप्ती आणली, आणि दोन्ही ठिकाणी मालक म्हणून नाव असलेल्या शेतकऱ्याला त्यात बोलायला फारशी जागा नव्हती.

शहाऐंशी वर्षांत हे कसं झालं? खानदेशात, आणि महाराष्ट्रात कुठेही, पारावर मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: पूर्वीची माणसं चांगली होती, आताची वाईट आहेत. या उत्तराने मन हलकं होतं, पण कळत काहीच नाही. चांगल्या माणसांच्या हयातीतही संस्था बिघडल्या आहेत आणि साध्या, कुवतीने बेताच्या माणसांनी काही संस्था पन्नास-पन्नास वर्षं नीट चालवल्या आहेत. बिघाडाची सुरुवात अध्यक्षाच्या खुर्चीपाशी शोधली तर सापडत नाही. ती सभेत बसलेल्या, आणि पुढे सभेला येईनासा झालेल्या, सभासदापाशी सापडते.

प्रश्न तसा फार जुना. अ‍ॅरिस्टॉटलने राज्याचे प्रकार मांडतानाच प्रत्येकाचं बिघडलेलं रूपही सांगितलं. राजा स्वतःसाठी राज्य करू लागला की जुलमी होतो, श्रेष्ठांचं राज्य मूठभर धनिकांचं होतं. सत्ता एकाची की अनेकांची, यापेक्षा ती कोणाच्या हितासाठी वापरली जाते ही त्याची कसोटी होती. १९११ मध्ये रॉबर्ट मिशेल्स या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. त्याने अभ्यासासाठी निवडला तो त्या काळचा सगळ्यात लोकशाहीवादी समजला जाणारा जर्मन समाजवादी पक्ष. कामगारांचा हा पक्ष वाढत गेला तसे पगारी कार्यकर्ते आले, कागदपत्रं त्यांच्या हाती गेली, भाषण करणारे आणि ऐकणारे वेगळे झाले, आणि संघटना टिकवणं हेच संघटनेचं काम होऊन बसलं. कोणी पैसे खाल्ले नव्हते, तरी पक्ष मूठभरांचा झाला होता.

फैजपूरच्या मांडवातल्या दोन मोठ्या माणसांना ही भीती तेव्हाच वाटत होती. १९३६ च्या सुरुवातीला पाच लाखांच्या आत असलेली काँग्रेसची सभासदसंख्या दोन-तीन वर्षांत पंचेचाळीस लाखांच्या आसपास गेली. मधल्या काळात, १९३७ मध्ये, प्रांतांत मंत्रिमंडळं आली होती. चार आणे वर्गणी कोणीतरी दुसऱ्याने भरायची आणि खोट्या नावांच्या याद्या करून स्थानिक समित्या ताब्यात घ्यायच्या, हा धंदा तेव्हापासूनचा आहे. १९३९ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून लिहिलं, की ही कीड अशीच चालू राहणार असेल तर सगळी काँग्रेस सन्मानाने पुरून टाकलेली बरी. जानेवारी १९४८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यांनी काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ काढण्याचा मसुदा तयार केला. आणि नेहरूंनी? फैजपूरनंतर वर्षभराच्या आत, नोव्हेंबर १९३७ मध्ये, त्यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने स्वतःवरच लेख लिहिला. हा माणूस फार लोकप्रिय झाला आहे, त्याच्यात हुकूमशहा होण्याची लक्षणं आहेत, त्याला पुन्हा अध्यक्ष करू नका, असा त्याचा आशय. अध्यक्षपदावर असताना स्वतःविरुद्ध असा इशारा देणारा दुसरा नेता भारतीय राजकारणात शोधूनही सापडत नाही. पण इशारा देणाराही नेताच होता. हे प्रश्न सभासदांनी विचारावेत, अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही.

पक्षाचं बाजूला ठेवू. गावातल्या माणसाचं पोट ज्यांच्याशी बांधलं गेलं त्या संस्था सहकाराच्या होत्या, आणि आदर्शाचा प्रवास सगळ्यात स्वच्छ दिसतो तो तिथेच.

१८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अठ्ठावीस कामगारांनी दुकान काढलं तेव्हा भागभांडवल कितीही असो, प्रत्येकाला एकच मत, हा नियम केला. भारतात १९०४ चा कायदा आला तो सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. १८७५ चे दख्खनचे दंगे सरकार विसरलं नव्हतं. पण अर्धशतकानंतरही चित्र फारसं पालटलं नाही. गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ साली मोजलं तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता, आणि सावकारांचा सत्तरच्या घरात. समितीचा निष्कर्ष असा, की दुबळ्यांची संस्था बलवानांच्या गावात स्वतःच्या बळावर तग धरणार नाही, म्हणून सरकारने तिच्यात भागीदार व्हावं.

युक्तिवाद पटण्यासारखा होता, हेतू निर्मळ होता. याच धोरणाने महाराष्ट्रातला सहकार वाढला हेही खरं. आणि याच धोरणाने सभासदाला आतून पोकळ केलं, हेही तितकंच खरं आहे.

प्रवरा साखर कारखान्याचं उदाहरण घ्यावं. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या अखेरीस तिथे गाळप सुरू केलं. गावोगाव फिरून, एकेका शेतकऱ्याला समजावून भाग गोळा झाले. कोणी दागिना मोडला, कोणी उसनवार केली. गाडगीळ स्वतः अध्यक्ष होते. हिशेब सभासदांपुढे मांडला जायचा आणि सभासद तो कान देऊन ऐकायचे, कारण त्यात त्यांचा घासातला घास होता. पुढे राज्यभर कारखाने निघाले तेव्हा वेगळं सूत्र रूढ झालं: साधारण दहा टक्के सभासदांचे भाग, तीस टक्के राज्य सरकारचे भाग आणि साठ टक्के कर्ज, तेही बहुधा सरकारच्या हमीवर. शंभरातले दहा रुपयेच ज्याचे आहेत त्याला उरलेल्या नव्वदांची काळजी करायचं कारण राहिलं नाही. कारखाना मंजूर करून आणणारा, हमी मिळवून देणारा, मुंबईत वजन असणारा माणूस हा संस्थेचा खरा आधार झाला. त्याला प्रश्न विचारणं म्हणजे फांदीवर बसून फांदी तोडणं. सभासद गप्प झाला तो भीतीने कमी आणि हिशेबाने जास्त.

खानदेशातले कारखाने त्या हिशेबाचा शेवट दाखवतात. साक्री तालुक्यात भाडण्याचा पांझरा-कान वर्षानुवर्षं बंद राहिला. दहिवदचा शिरपूर शेतकरी साखर कारखाना बंद पडला. चाळीसगावचा बेलगंगा कर्जात बुडाला, जिल्हा बँकेने तो विकला. चोपड्याचा शेतकरी कारखाना भाडेतत्त्वावर गेला. प्रत्येकाची कारणं थोडी वेगळी सांगता येतील. तापी-गिरणा खोऱ्यात उसापेक्षा केळी आणि कापूस शेतकऱ्याला जवळचे, त्यामुळे ऊस कमी पडायचा. पावसाने दगा दिला. साखरेचे भाव पडले. ही कारणं खोटी नाहीत. पण ऊस पुरणार नाही हे माहीत असताना कारखाना कुठे काढावा, तोटा दिसत असताना विस्ताराचं कर्ज घ्यावं का, नोकरभरती किती करावी, हे प्रश्न ज्या सभेत विचारायचे ती सभा तोवर नावापुरती उरली होती.

ही वार्षिक सर्वसाधारण सभा जवळून पाहण्यासारखी आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावीच लागते. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जिल्ह्यात एकाच दिवशी कितीतरी सभा असतात. गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल हातात पडतो. पहिल्या पानांवर संचालकांचे फोटो, मग श्रद्धांजली, मग ताळेबंद, तो इतक्या बारीक टायपात की चष्मा लावूनही नीट दिसू नये. मंचाच्या पुढच्या चार रांगांत पॅनलची माणसं. सचिव विषय वाचायला लागतो. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं, ‘मंजूर’. अहवाल स्वीकारणं, ‘मंजूर’. लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल, ‘मंजूर’. मागून कोणी तरी उठून बोलू लागला की पुढून आवाज चढतो, माईक बंद होतो, राष्ट्रगीत सुरू होतं. हे सगळ्या ठिकाणी होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण महाराष्ट्रात सहकाराशी संबंध आलेल्या कोणालाही हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. सगळ्यात महत्त्वाचा विषय तिथे दोषदुरुस्तीचा असतो. लेखापरीक्षकाने बोट ठेवलेला दोष कुठला आणि तो वर्षभरात दुरुस्त झाला का, एवढं एक विचारायची सवय टिकली असती तर अर्धे कारखाने वाचले असते, असं म्हणायला धाडस लागत नाही.

गावाच्या विकास सोसायटीत, विकासोत, बिघाड आणखी खोल उतरलेला दिसतो. मार्चअखेर पीककर्ज भरायचं असतं. वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळते, न भरलं तर नवं कर्ज मिळत नाही. शेतकऱ्याकडे तेव्हा रोकड नसते. मग तो खाजगी सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून चार-आठ दिवसांसाठी चढ्या व्याजाने रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, बँक नवं कर्ज मंजूर करते, आणि त्या पैशातून सावकाराचे पैसे परत जातात. याला सगळे ‘नवं-जुनं’ म्हणतात. गटसचिवाला ते माहीत असतं, शाखाधिकाऱ्याला माहीत असतं. कागदावर वसुलीची टक्केवारी उत्तम येते. ज्या सावकारापासून सुटका व्हावी म्हणून १९०४ मध्ये सोसायटी निघाली, तिच्या वसुलीचा आकडा त्याच सावकाराच्या पैशावर उभा राहतो. यात कोणी चोरी केलेली नाही. सगळे आपापल्या परीने अडचणीतून वाट काढत आहेत, आणि सगळे मिळून संस्थेचा अर्थ उलटा करत आहेत.

जिल्हा बँकेच्या निवडणुकीत हीच सोसायटी मताची पावती होते. सोसायटीच्या वतीने मत कोण देणार याचा ठराव होतो. त्या ठरावधारकाला मतदानापूर्वी सहलीला नेऊन ठेवायची रीत सगळ्या पक्षांत रूढ आहे. पाच-सातशे शेतकऱ्यांचा आवाज एका माणसात गोळा झाला, की तो माणूस सांभाळणं सोपं पडतं. ही पायऱ्यापायऱ्यांची रचना खालच्या गावाला वर आवाज मिळावा म्हणून केली होती, आता तिच्याच पायऱ्या उतरून वरचा माणूस खाली मतं उचलायला येतो. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून बरखास्त झालं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कर्जवाटप आणि कारखाने विक्रीच्या प्रकरणात गुन्हा नोंदला गेला. पुढे तपास यंत्रणेने तो बंद करण्याचा अहवाल दिला, त्याला आव्हान मिळालं, पुन्हा अहवाल आला. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण राज्यभर आजारी कारखाने कवडीमोलाने विकले गेल्याची तक्रार घेऊन सभासदाला कोर्टाची पायरी चढावी लागते, याचा अर्थ संस्थेच्या आत दाद मागायची जागा उरलेली नाही.

जळगावने याहून कठीण गोष्ट पाहिली ती पतसंस्थांची. दोन हजारनंतरच्या दशकात जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या. त्यानंतर जळगावात मुख्यालय असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी ही बहुराज्यीय पतसंस्था, बीएचआर या नावाने घरोघरी माहीत असलेली, कोसळली. ठेवीदारांत निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले शेतकरी होते, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया होत्या. २०१५ मध्ये संस्था अवसायनात निघाली, संस्थापकांवर गुन्हे दाखल झाले. पुढचं प्रकरण जास्त वेदनादायक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले ते अवसायनाच्याच कारभारावर. आरोप असा, की हवालदिल ठेवीदारांकडून त्यांच्या ठेवपावत्या तीस-चाळीस टक्क्यांना घेऊन बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीला वळत्या केल्या गेल्या, आणि मालमत्ता स्वस्तात विकल्या गेल्या. बिघडलेली संस्था मोडून तिच्या माणसांना न्याय द्यायला नेमलेली व्यवस्थाही बिघडल्याचा तो आरोप होता.

बहुराज्यीय संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. त्यांचा निबंधक दिल्लीत. जळगावच्या उपनिबंधकाकडे तक्रार घेऊन गेलेल्या ठेवीदाराला तो हात वर करून दाखवायचा आणि खरोखर त्याच्या हातात काही नसायचं. त्याहून मुळातली गोष्ट ही, की हे ठेवीदार कायद्याने सभासद असले तरी स्वतःला सभासद समजतच नव्हते. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज देणारं दुकान, एवढंच त्यांचं नातं. रॉचडेलच्या दुकानात गिऱ्हाईक हाच मालक होता. इथे मालक गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाईकाला भाव विचारायची सवय असते, हिशेब विचारायची नसते.

बाजार समितीचा इतिहास तर थेट फैजपूरपर्यंत जातो. खानदेशात कापसाच्या बाजारातली लूट थांबवण्यासाठी मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला. धुळ्याचा बाजार त्याखाली आलेल्या पहिल्या बाजारांपैकी. फैजपूरच्या कार्यक्रमानंतर सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारण कायदा आणि शेतमाल बाजार कायदा हे दोन्ही आले. हे आदर्शाचं कागदावरून जमिनीवर उतरणं होतं, आणि त्याचा आनंदच मानायला हवा. उघड लिलाव, प्रमाणित वजनं, ठरलेली आडत, यांनी शेतकऱ्याची मोठी फसवणूक थांबली. १९६३ च्या कायद्याने बाजार समित्या महाराष्ट्रभर पक्क्या झाल्या. मग हळूहळू परवाने मूठभरांकडे साचले, समितीची निवडणूक आमदारकीची पहिली पायरी झाली, आणि गाळेवाटप हे समितीचं मुख्य काम झालं.

यावल-रावेरचा केळी उत्पादक हे रोज अनुभवतो. एके काळी इथल्या फ्रूटसेल सोसायट्या सावदा-रावेर स्टेशनांतून उत्तरेकडे केळीच्या वॅगन भरून पाठवत. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन रेल्वेशी बोलणी करावी, माल एकत्र पाठवावा, हे फैजपूरच्या विचाराचं सगळ्यात सुंदर फळ होतं. आता खरेदी व्यापाऱ्याच्या हाती आहे. बाजार समितीकडून भाव जाहीर होतो, पण बागेत आलेला व्यापारी बऱ्हाणपूरचा लिलाव, मालाची प्रत, गाड्यांची टंचाई अशी कारणं सांगत त्याहून कमी भाव देतो. तयार झालेली केळी थांबत नाही, घड पिकायला लागतो, शेतकरी मान डोलावतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आखाती देशांत कंटेनर जाऊ लागले. जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव यांतलं अंतर मात्र राहिलं.

दूध संघाची कहाणी याच्या उलट सुरू होते. डबघाईला आलेला जळगाव जिल्हा दूध संघ नव्वदच्या दशकात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे चालवायला दिला गेला, आणि व्यावसायिक कारभाराने तो सावरला. ‘विकास’ दूध जिल्ह्यात विश्वासाचं नाव झालं. म्हणजे बिघडलेली संस्था सुधारते, हे इथे सिद्ध झालं. पुढे कारभार पुन्हा निवडून आलेल्या संचालकांकडे आला, आणि २०२२ मध्ये लोणी आणि दूध भुकटीच्या अपहाराच्या प्रकरणात गुन्हा नोंदला गेला, अटक झाली. यावरून लोकशाही नकोच, अधिकारीच बरे, असं म्हणणारे आहेत. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण चूक आहे. मधली वर्षं संघ नीट चालला, तेव्हा दूध घालणाऱ्या सभासदाला ताळेबंद वाचायला कोणी शिकवलं नाही. बाहेरच्याने घर आवरून दिलं, घरच्यांना आवरायची सवय लागली नाही.

खादीबद्दल थोडक्यात. टिळकनगरच्या प्रदर्शनाचं केंद्र असलेलं हे कापड गावातल्या हातांना काम द्यायला होतं. ते पुढाऱ्यांचा गणवेश आणि सरकारी अनुदानाचा विषय झालं. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने राष्ट्रध्वजही यंत्रावरच्या पॉलिस्टरचा चालेल असं ठरलं, आणि त्यावर देशात म्हणावी तशी चर्चादेखील झाली नाही. शिक्षणाची वाटही तशीच. १९६१ मध्ये फैजपूरला धनाजी नानांच्या नावाने महाविद्यालय निघालं ते परिसरातल्या शेतकऱ्यांची मुलं भुसावळ-जळगावला न जाता शिकावीत म्हणून. त्या पिढीने गावागावांतून धान्य आणि वर्गणी गोळा करून संस्था उभारल्या. १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रात शिक्षणसंस्था हे गुंतवणुकीचं साधन झालं. नोकरीसाठी देणगी द्यावी लागते हे आज खेड्यातला प्रत्येक बीएड पदवीधर जाणतो.

इतकं सांगून झाल्यावर एक गोष्ट बोलल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक होणार नाही. मूळ आदर्शालाच एक भगदाड होतं. ऊस कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस लावणारा जमीनमालक, सोसायटीचा सभासद म्हणजे सातबारा असणारा. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत राबणारे सातपुड्यातले पावरा आणि तडवी भिल्ल मजूर, ऊसतोडीला आलेली कुटुंबं, घड वाहणारे हमाल, शेतात निम्म्याहून जास्त काम करणाऱ्या पण सातबारावर नाव नसलेल्या बाया, हे कोणीच त्या सभेत कधी नव्हते. फैजपूरच्या कार्यक्रमात शेतमजुराच्या मजुरीचं कलम होतं, पण त्याला धरून एकही मोठी संस्था उभी राहिली नाही. ज्यांना काहीच मिळणार नव्हतं त्यांना गाऱ्हाणं मांडायलाही जागा नव्हती, आणि आतल्या मूठभरांना एकमेकांना सांभाळून घेणं सोपं गेलं. सभासदत्वाचं दार अरुंद ठेवलेल्या संस्थेत चोरी लपवायलाही कमी माणसं लागतात.

उपाय झाले नाहीत असं नाही. २०१२ पासून अमलात आलेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था काढण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. राज्यांतल्या संस्थांविषयीचा तिचा भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये टिकू दिला नाही. त्याच महिन्यात केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झालं. गावच्या सोसायट्यांचं संगणकीकरण सुरू झालं, त्यांनी पेट्रोल पंप, औषध दुकान, धान्य गोदाम चालवावं असे नवे आदर्श उपविधी आले. यातलं पुष्कळ उपयोगाचं आहे. पण हेही वरून येत आहे, १९५० च्या दशकात भागभांडवल आलं तसंच. महाराष्ट्राच्या कायद्यात २०१३ मध्ये क्रियाशील सभासदाची व्याख्या घातली गेली. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहणं ही त्याची एक अट होती. मालकाने पाच वर्षांतून एकदा तरी घरात डोकवावं, असं कायद्याला सांगावं लागलं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रं पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क आहे. कलम ८३ खाली चौकशी मागता येते, कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी संचालकांवर ठेवता येते. ही कलमं सहा दशकांपासून पुस्तकात आहेत आणि ती वापरणारे सभासद प्रत्येक तालुक्यात बोटांवर मोजण्याइतके. त्यांना गावात ‘अर्जवाले’ म्हणतात, त्यांच्या उसाची तोड उशिरा येते, त्यांच्या पोरांना संस्थेत नोकरी मिळत नाही. त्यांतले काही पुढे दुसऱ्या पॅनलमध्ये जातात आणि स्वतःच संचालक होतात. काही मात्र दरवर्षी सप्टेंबरात अहवालाचं पुस्तक घेऊन बसतात, गेल्या वर्षीचे आणि यंदाचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढतात, आणि सभेच्या आधी लेखी प्रश्न सचिवाच्या टेबलावर देऊन त्याची पोच घेतात.